थंड तेलाचा नमुना

ताईला कुणी संशयी म्हटलं असतं, तर तिनं त्याच्या अंगावर पाना फेकला असता. गॅरेज चालवणारीला संशयी नाही, सावध म्हणायचं, असं तिचं मत. गिऱ्हाईक सांगतं, गाडी अगदी जपून चालवतो हो, आणि चाक काढून बघावं तर ब्रेक झिजून पार पत्रा झालेले! अशा लोकांत हयात काढल्यावर माणसाच्या जिभेपेक्षा लोखंडावर भरवसा बसतो, त्याला ती बिचारी काय करणार?

पण या वेळची गाडी गिऱ्हाइकाची नव्हती, सख्ख्या धाकट्या भावाची होती. लाल, बुटकी, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार. धाकटा ती शर्यतीत पळवायचा. मग एका वळणावर गाडी उलटली, त्याचा पाय मोडला, आणि बायकोनं त्याच्या खाटेशी उभं राहून बजावलं, "पुन्हा शर्यतीला गेलास तर मुलीला घेऊन मी चालले. मग हाका मारत बसू नकोस." त्यानं शब्द दिला. आता तो शहराची बस चालवायचा, आणि फक्त रविवारी सकाळी 'गाडीचे पाय मोकळे करून आणतो' म्हणत तळ्यापर्यंत फेरी मारून यायचा.

घोडं अडलं ते या फेरीपाशी. एका दुपारी भावजय जिना उतरून गॅरेजमध्ये आली. ताई आणि धाकट्याचं कुटुंब, सगळेच गॅरेजच्या वर राहायचे.

"ताई, रविवारी तो शीळ घालत घरी येतो हो."

"मग घालू दे की!"

"शर्यत जिंकून आला की घालायचा, तशी." तिनं मूठ उघडली. तळहातावर काळ्या रबराचे बारीक तुकडे होते. "मागच्या चाकाखाली सापडले. तुम्ही गाडी बघून सांगाल ना मला, खरं काय ते?"

शीळ ताईनंही ऐकली होती, पण मनावर घेतली नव्हती. आता मात्र तिला जुन्या दहा गोष्टी आठवल्या आणि प्रत्येकीत काळंबेरं दिसायला लागलं.

गाडीच्या मागच्या आसावर डिफरन्शियल असतं, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा दातेरी चक्रांचा डबा. गाडी वळणावर घसरवत पळवली की ती चक्रं एकमेकांना खातात, आतलं तेल करपतं आणि त्यात लोखंडाचा चुरा उतरतो. अपघातानंतर ताईनंच तिथं नवी चक्रं बसवून नवं तेल ओतलं होतं. त्यातलं थोडं काढून प्रयोगशाळेत दिलं की सोक्षमोक्ष लागणार होता. "तेल खोटं बोलत नाही," तिनं भावजयीला सांगितलं.

नमुना घ्यायची एक रीत आहे, आणि ती धाकट्याला शिकवली होती ताईनंच. गाडी आधी फिरवून आणायची, म्हणजे तेल गरम होऊन सगळं ढवळून निघतं. मग खालचं बूच उघडायचं, पहिली धार सोडून द्यायची आणि मधल्या धारेला बाटली लावायची. पण गाडी सुरू करणार कशी? सकाळची पाळी संपवून धाकटा वर झोपलेला, आणि त्या इंजिनाचा आवाज असा, की मेलेला माणूससुद्धा 'कोण आलं?' म्हणून उठून बसेल. धाकट्याला सुगावा लागला तर तो गुपचूप तेल बदलून टाकेल, याची ताईला खात्रीच होती. ती थंड गाडीखाली सरपटत गेली, पहिली धार आली तीच बाटलीत धरली आणि चोरासारखं बूच परत आवळलं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटली उजेडात धरून विचारलं, "गरम असताना घेतलंत ना? मधल्या धारेचं?"

"हो, हो! आमचा रोजचाच धंदा आहे." ताईला निकाल हवा होता, प्रश्न नको होते.

निकाल फोनवर आला. लोखंड फार आहे, गरम तेलात इतका चुरा म्हणजे गाडी बेदम हाणलेली असणार, असं बाई म्हणाल्या. भावजय शेजारीच उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही, वर जाऊन बॅग भरायला लागली.

धाकटा पाळी संपवून आला तेव्हा ती मुलीचा हात धरून दारात उभी होती.

"अगं, मी नाही गेलो शर्यतीला! तळ्यावर जातो, काठावर बसतो, परत येतो. ते रबराचे तुकडे म्हणतेस, तर टायर जुने झालेत, उन्हानं तडकलेत."

"तेल खोटं बोलत नाही," ती म्हणाली आणि माहेरी निघून गेली.

धाकटा ताईकडे वळला. "नमुना कधी काढलास?"

"मंगळवारी. दुपारी."

"मंगळवारी गाडी जागची हलली नाही. मी वरच होतो, आवाज आला असता मला." त्याच्या लक्षात आलं. "थंड काढलंस? पहिलीच धार?"

ताईचा चेहरा उतरला. नव्या चक्रांचा सुरुवातीला कीस पडतोच, कुठल्याही गाडीत पडतो, आणि तळाशी जाऊन बसतो. तो सगळा गाळ तिनं बाटलीत भरून नेला होता. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती, तर तिनं त्याला गॅरेजच्या पायरीवर उभं केलं नसतं.

"मला एकदा विचारायचं तरी, ताई."

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतास!"

"कारण मी नव्हतोच गेलो!"

मग दोघं गाडी घेऊन तळ्यापर्यंत गेले. पुढं पाण्याचा टँकर रखडत चालला होता, आणि धाकटा मुकाट्यानं त्याच्या मागं राहिला. ताईला स्वतःची लाज वाटत होती, तरी तिची नजर त्याच्या ॲक्सिलरेटरवरच्या उजव्या पायावरून हटेना. परत आल्यावर तिनं गरम तेल काढलं, मधल्या धारेचं. या वेळी प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, तेल करपलेलं अजिबात नाही, लोखंडही नावालाच आहे, जवळजवळ नव्यासारखं आहे.

ताई तडक भावजयीच्या माहेरी धावली. भावजयीनं दार अर्धंच उघडलं. ताईनं उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं, थंड तेल, पहिली धार, बाईंना मारलेली थाप, काही म्हणता काही ठेवलं नाही.

"म्हणजे त्या बाईंशी तुम्ही खोटं बोललात," भावजय म्हणाली.

"बोलले. चुकलंच माझं."

"आणि आता भावाचं घर मोडतंय म्हटल्यावर तेल नव्यासारखं निघालं." तिचा आवाज चढला नव्हता. "ताई, जुनं तेल काढून नवं ओतायला तुम्हाला असा कितीसा वेळ लागतो?"

एखादं गिऱ्हाईक असं सांगत आलं असतं, तर ताईनंही नेमकं हेच विचारलं असतं.

आतून भाचीचा आवाज आला, "आई, आत्या आली का गं?"

"नाही गं, कुणी नाही," भावजय म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.