डिस्कवर तेल

आमच्या जावयाला दोन हात आहेत, पण ते फक्त हातमोजे घालायला. शनिवारी सकाळी त्याने नवी माउंटन बाइक खोक्यातून अंगणात काढली. समोर मोबाइल टेकवला, बाजूला पाने मांडले, पान्यांना मखमली पिशवी! मी पायरीवर मटार सोलत बसले होते.

तीस वर्षं आम्ही नवराबायकोने सायकलचं दुकान चालवलं. आमचे हे असते तर एवढ्या वेळात चार सायकली जोडून वर डुलकी काढली असती. ते गेले, दुकान विकलं आणि मी लेकीकडे राहायला आले. इथे मला कोण विचारतंय!

"आई, तुम्ही निवांत बसा. ही नव्या पद्धतीची आहे," त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं.

बसले.

आधी पेडल. डावं पेडल उलटं फिरवून आवळायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमचे जावईसाहेब अर्धा तास सुलटं फिरवत होते. तोंड लालबुंद. मग व्हिडिओ मागे नेऊन पाहिला आणि "अरेच्चा!" म्हणाले. हा माणूस ऑफिसात पन्नास जणांना अक्कल शिकवतो म्हणे. मग सीट. गवंड्यासारखी लेव्हल ठेवून ती सरळ केली, पण लावली केवढी खाली! याचे गुडघे हनुवटीला लागतील, म्हटलं. हसू दाबताना माझा एक मटार घरंगळत गेला.

शेवटी ब्रेक. चाक फिरवून ब्रेक दाबला की चीं चीं आवाज यायचा. डिस्क म्हणजे ब्रेक जिला चिमटीत धरतो ती चाकावरची चकती; नवीन असताना ती थोडी ओरडतेच, चारदोन वेळा दाबून घासली की गप्प होते. याने काय करावं? साखळीच्या तेलाचा स्प्रे उचलला आणि दोन्ही चाकांच्या डिस्कवर फुस्स फुस्स करून मारला. दुकानात तेलकट बोट डिस्कला लागलं तरी आमचे हे आरडाओरडा करायचे. तेल लागलेला ब्रेक कितीही दाबा, चाक थांबत नाही. आणि आमच्या दारापासून गेटापर्यंत सरळ उतार, गेटाबाहेर मोठा रस्ता.

जिभेवर आलं होतं माझ्या. पण हा पठ्ठ्या चाक फिरवून म्हणाला, "बघा आई, आवाज गेला! डोकं लागतं याला." ते ऐकलं आणि मी ओठ मिटले. आपटू दे. गेटाजवळच्या कुंपणात शिरेल, चार लोक हसतील, मग येईल झक मारत विचारायला. खोटं कशाला बोलू, मला ते बघायचंच होतं.

मी सालं टाकायला आत गेले. बाहेर आले तर सायकलवर माझी लेक! डोक्यावर हेल्मेट, तोंडभर हसू.

"पहिली फेरी हिची," जावई म्हणाला. "सीट हिच्याच मापाने लावलीय. वाढदिवसाचं सरप्राइज!"

"अगं थांब! उतर आधी!" मी ओरडले, पण ती निघाली होती. पुढे तिने ब्रेक दाबलेले मला दिसले. सायकलचा वेग तसूभर कमी झाला नाही. तिने एक पाय खाली टाकला, चप्पल उडाली आणि गेटाच्या दोन हात अलीकडे ती कुंपणात आडवी झाली. बाहेरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

आम्ही दोघं धावलो. कोपर सोललं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. हाड शाबूत होतं, देवाची कृपा. लेकीने डिस्कला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिचं बालपण आमच्याच दुकानात गेलेलं.

"आई, तू तिथेच बसली होतीस ना? तुला दिसलं नाही?"

"त्यांना काय विचारतेस?" जावई मध्येच बोलला. "एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार! गाढवपणा माझा आहे. आई, तुम्ही किती धापा टाकताय, टेका इथे. मी पाणी आणतो." आणि तो माझ्यासाठी पाणी आणायला चढावर पळत सुटला.

"लांब होते गं मी," मी म्हणाले.

"चार हात, आई," लेक म्हणाली.