तीन चिठ्ठ्यांची बेरीज

फीबाईंच्या खोलीत माणसं रडली होती, रुसली होती, एका सासऱ्यानं तर जावयाच्या डोक्यावर पाण्याचा पेला रिकामा केला होता. पण रक्त म्हणाल तर तिथं कधी सांडलं नव्हतं. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचतंय कोण? पोरांच्या कॉलेजच्या फीची सोय लावून देणाऱ्या बाई, म्हणून फीबाई. चष्म्याच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, सहा खुर्च्या आणि भिंतभर वेगवेगळ्या कॉलेजांच्या प्रवेशाच्या शेवटच्या तारखा. कुठली शिष्यवृत्ती कुणाला बसते, कुठली बँक कशावर कर्ज देते, सगळं तोंडपाठ.

आणि त्यांची एक पद्धत होती. अख्खं घर एकदम बोलवायचं. कमावत्या माणसांना एकेक चिठ्ठी द्यायची. आपण किती देऊ शकतो तेवढा आकडा लिहायचा, नाव घालायचं नाही, घडी करून डब्यात टाकायची. फीबाई पाठ फिरवून बेरीज करायच्या, चिठ्ठ्या फाडायच्या आणि फक्त बेरीज मोठ्यानं वाचायच्या. गरिबाची लाज झाकली जायची, कंजुषाचीही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणायच्या, "आपलं सगळं दुकान त्या मुठीवर चालतं." अकरा वर्षं चाललं होतं.

सोमवारी टायरवाल्याचं घर आलं. टायरवाला पुढे, दंड असे की खुर्चीच्या हातांत मावेनात. त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ, दुकानातला भागीदार, सारखा दात कोरणारा. मग शिवणकाम करणारी बायको आणि शेवटी बारकी. घरात सगळ्यांत लहान म्हणून बारकी, बाकी उंचीनं बापाच्या कानाला लागलेली. जनावरांच्या डॉक्टरकीला तिचा नंबर लागला होता. पहिला हप्ता मंगळवारी चार वाजेपर्यंत भरला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती.

"गुरांच्या शेपट्या उचलायला शिकायचं, त्याचेही पैसे पडतात का हो बाई?" टायरवाला हसत म्हणाला.

"टायर उचलायचे पडत नाहीत, तेवढाच फरक," फीबाई म्हणाल्या. बारकीची आई पदराआड हसली आणि लगेच गप्प झाली.

चिठ्ठ्या झाल्या. फीबाईंनी पाठ फिरवली. पहिली उघडली, शून्य. दुसरी, शून्य. तिसरी उघडली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. दोन वर्षांची फी आणि वसतिगृह, वर पुस्तकांना थोडं उरेल एवढा आकडा होता. अक्षर बारीक, टाके घातल्यासारखं. फीबाईंना इतका आनंद झाला की त्या थांबल्याच नाहीत. चिठ्ठ्या फाडल्या, वळल्या आणि बेरीज वाचून टाकली.

टाळी कुणी वाजवली नाही. टायरवाल्यानं भावाकडे मान वळवली.

"तू किती लिहिलेस रे?"

"भोपळा."

"मीपण भोपळाच."

दोघांनी हा डाव घरूनच ठरवून आणला होता. मुलीच्या शिक्षणापायी ते इथवर आलेच नव्हते. शिवणाच्या पैशांतून बायको काहीतरी बाजूला टाकते, हा संशय जुना होता. किती टाकते, ते आज फीबाईंनी मोठ्यानं वाचून सांगितलं होतं.

"बाई, तुमचे उपकार," टायरवाला उठला. त्यानं बायकोचं मनगट धरलं. नुसतं धरलं, पण तिच्या बोटांचा रंग उतरला. "चला घरी. हिशेब करू."

"अहो, बसा की. अर्ज भरायचाय अजून," फीबाई म्हणाल्या. कुणी बसलं नाही. त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पुढच्या पायरीवर पाय टाकायचा होता. टाकला नाही. परक्याच्या घरचं भांडण, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हे सांगतानाच त्यांना कळत होतं.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला जिन्यावर घसटत चढणारी पावलं वाजली. बारकीनं आईला काखेत धरून आणलं होतं. आईचा उजवा हात शिवणाच्या कापडात गुंडाळलेला, कापडातून रक्त ठिबकतंय. डावा डोळा सुजून मिटलेला. बारकीच्या गालावर पाच बोटं मोजून घ्यावीत अशी उठलेली.

"देवा!" फीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे कधी?"

"मघाशी," बारकी म्हणाली. "बाबांना रात्रीच पासबुक सापडलं. आईच्या एकटीच्या नावावर आहे ना, म्हणून सही मागत होते. रात्रभर पट्ट्यानं मारलं, ही बधली नाही. आज दुपारी हात लोखंडी स्टुलावर धरला आणि टायर ठोकायचा हातोडा…"

"म्हणाले, सही करायची नाही ना, मग कधीच करू नको," आई म्हणाली. तिचा आवाज फाटल्यासारखा येत होता. आणि मग, काय सांगावं, ती चक्क हसली. "तीन घाव घालून झाल्यावर भाऊजींच्या डोक्यात उजेड पडला. म्हणाले, अरे गाढवा, आता सही कोण करणार, तुझा बाप? मग दोघे एकमेकांवरच उठले. हे गळा धरतायत, भाऊजी चावतायत. बारकीनं पासबुक उचललं, मला ओढलं आणि बाहेरून कडी घातली."

फीबाईंनी कापड सोडलं. बोटं बोटांच्या जागी नव्हती. एक हाड कातडीतून पांढरं डोकावत होतं. त्यांनी टेबलावरची लाकडी फूटपट्टी हाताखाली घेतली, बारकीच्या ओढणीच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि तिनं घट्ट आवळून बांधलं. आईनं ओठ चावला, तो फुटला.

"आधी दवाखाना," फीबाई म्हणाल्या.

"आधी बँक. चार वाजता जागा जाते." आईनं उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "पण सही कशी करू, ते सांगा. तुमचं ते काम आहे ना?"

ते त्यांचंच काम होतं. "सही नाही तर डाव्या अंगठ्याचा ठसा. खातेदार स्वतः समोर हवा आणि ओळखणारा साक्षीदार हवा. साक्षीला मी. उठा."

त्या उठल्या तोच खाली काच फुटली. चष्मेवाला ओरडला, "अरे, कोण तू? वर कुठं?" आणि लगेच त्याचा आवाज तुटला. जिना हादरायला लागला. घरची कडी टिकली नव्हती. फीबाईंनी दार लावून कडी घातली. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच होती, त्यांच्या नावाची. पहिल्याच फटक्यात ती आत आली. मागून टायर उचकटायची सळई आली आणि मागून हात, रक्तानं माखलेला, कडी चाचपडणारा.

बारकीनं खुर्ची उचलली आणि त्या हातावर घातली. बाप गुरासारखा ओरडला, पण कडी निघाली होती.

टायरवाला आत आला तेव्हा त्याच्या मानेवर भावाच्या दातांची खूण ताजी होती. "पासबुक," एवढंच म्हणाला. फीबाई मध्ये उभ्या राहिल्या. काल जे पाऊल टाकलं नव्हतं, ते आज टाकलं, म्हणा हवं तर.

"तुमच्या पोरीचं आहे ते. अहो, बाप ना तुम्ही?"

सळई त्यांच्या उजव्या खांद्यावर बसली. हात खांद्यापासून सुटून पडल्यासारखा झाला आणि त्या टेबलासकट उलट्या कोसळल्या. फायली, फॉर्म, शाईचं पॅड, सगळं अंगावर. खालून त्यांना त्याचे बूट दिसत होते. बूट बारकीकडे गेले. त्यानं तिची वेणी हाताला दोन वेढे देऊन धरली आणि तिचं तोंड भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा. भिंतीवरचा तारखांचा कागद लाल झाला.

"दे! दे म्हणतो ना!"

आई त्याच्या पाठीवर गेली. एकच हात होता, तो तिनं त्याच्या डोळ्यांत घातला. त्यानं तिला झटकलं आणि ती मोडक्या हातावर पडली. तेव्हा जी किंकाळी निघाली, ती खालच्या रस्त्यावरच्या माणसांनीही ऐकली. ऐकली, आणि उभी राहिली, कुणी वर आलं नाही.

फीबाईंच्या बऱ्या हाताला पंचिंग मशीन लागलं. फायलींना भोकं पाडायचं, जुनं, ओतीव लोखंडाचं, दोन शेर वजनाचं. त्या गुडघ्यांवर सरकत पुढे गेल्या आणि त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर घातलं. वाटी फुटली. तो वाकला, तसं त्यांनी कानशिलावर घातलं. तो पडला. सळई घरंगळत कोपऱ्यात गेली. वेणी सुटली.

तो पडलेला होता. हालत नव्हता. फीबाईंनी मशीन वर नेलं आणि तिसऱ्यांदा खाली आणलं, तोंडावर. दात तुटल्याचा आवाज आला. त्या तिसऱ्या घावाची काही गरज नव्हती. त्यांनी तो ठरवून घातला, आणि घालताना त्यांना बरं वाटलं.

चौथ्यांदा हात वर गेला, तो बारकीनं धरला. "ताई, पुरे. बास."

तिच्या नाकातून धार लागली होती. तशीच ती बापाशेजारी बसली, त्याच्या गळ्याला दोन बोटं लावली, मान एका बाजूला वळवली आणि तोंडात बोट घालून रक्त आणि दात बाहेर काढले. "श्वास आहे," ती म्हणाली. "असा ठेवला तर गुदमरणार नाही."

खालच्या पायरीवर धाकटा भाऊ जबडा धरून बसला होता. तिघींना उतरताना पाहून तो भिंतीला चिकटला. फुटलेल्या काचांत चष्मेवाला गालाला रुमाल लावून उभा होता.

"रुग्णवाहिका बोलवा," फीबाई त्याला म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "वर जा. त्याला हलवू नका. नुसते बसा. एवढं तरी करा."

बँकेतल्या माणसानं मान वर केली आणि त्याचं पेनच गळून पडलं. समोर तीन बायका, तिघींच्या कपड्यांवर रक्त, आणि मधली म्हणतेय, पैसे भरायचेत.

"आधी दवाखान्यात जा हो बाई!"

"कितीला बंद होता तुम्ही?"

"साडेतीनला. पण…"

"मग लवकर करा."

फीबाईंनी ओळखपत्र ठेवलं, फॉर्म डाव्या हातानं भरला. आईचा अंगठा शाईत बुडवला आणि दाबला. नुसता काळा डाग उमटला. बँकेतला माणूस अवघडून म्हणाला, "बोटावर रक्त आहे, रेषा उठत नाहीत. पुसून घ्या." बारकीनं स्वतःच्या कुडत्याला अंगठा पुसला, पुन्हा दाबला. ठसा उठला.

"नियम म्हणून विचारावं लागतं," तो खाली बघत म्हणाला. "या व्यवहाराला तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"काल होती," आई म्हणाली. "आज नाही."

पैसे कॉलेजच्या खात्यात गेले. पावती बाहेर आली तेव्हा साडेतीनला दहा मिनिटं कमी होती. बारकीनं पावती हातात घेतली, वाचली. ती तिथंच फरशीवर बसली.

दवाखान्यात एकाच लांब खोलीत सगळ्यांना ठेवलं. एका पडद्यामागे टायरवाला. तो जगणार होता, पण एका कानानं ऐकणार नव्हता आणि काठीशिवाय चालणार नव्हता. दुसऱ्या पडद्यामागे त्याची बायको. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन बोटं वाचणार नाहीत. फीबाई तिच्या उशाशी, हात गळ्यात बांधलेला. पोलीस वही घेऊन आला.

"त्याला कुणी मारलं?"

"पडला," आई म्हणाली. "जिन्यावरून."

"तोंडावर पडला, गुडघ्यावर पडला आणि कानशिलावरही पडला?"

"पडायला लागला की माणूस कसाही पडतो."

"मी मारलं," फीबाई म्हणाल्या.

"एकदाच," आई घाईनं म्हणाली. "आम्हाला वाचवायला."

"तीनदा. दोन वाचवायला. तिसरा तो पडल्यावर घातला. तसंच लिहा."

पोलिसानं लिहायचं थांबून त्यांच्याकडे पाहिलं. पलंगावरून आई उठू बघत होती. "अहो ताई, डोकं फिरलंय का तुमचं? खरं बोलायला हाच दिवस सापडला? पैसे दोनच वर्षांचे आहेत. पुढची सगळी मी शिवून काढणार होते. आता या हातानं काय शिवू, कपाळ? तुम्ही आत गेलात तर पोरीला कर्ज कोण काढून देणार?"

तिसऱ्या घावाची किंमत फीबाईंनी आपल्यापुरतीच धरली होती. ती दुसऱ्याच्याही वहीत पडते, हे आत्ता कळलं. पण जबाब त्यांनी बदलला नाही. सही केली, डाव्या हातानं, वाकडी.

"चला," पोलीस म्हणाला. आवाजात राग नव्हता.

फाटकापर्यंत बारकी बरोबर चालली, नाकाला पट्टी, हातात पेन आणि लिहून घ्यायला दवाखान्याच्या चिठ्ठीची कोरी मागची बाजू. फीबाई चालता चालता सांगत होत्या, "कर्जाचा अर्ज दुसऱ्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आधी टाक. नंतर टाकलास तर तीन महिने लटकवतात. आईच्या अपंगत्वाचा दाखला इथूनच, आजच्या आज मागून ठेव, त्यावर एक शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाच्या रकान्यात बापाचं उत्पन्न घालू नको."

"हमीदार कोण, ताई?"

"काका नको."

"ते मला कळतंय हो!" बारकी रडता रडता ओरडली.

"मग चष्मेवाल्याला विचार. माझं नाव सांग. आधी नाहीच म्हणेल, तू उठू नको."

गाडीचं दार लागलं. फीबाईंनी बऱ्या हातानं काच अर्धी खाली केली. गाडी हलली तशी बारकी तिच्या बाजूनं चालायला लागली, मग पळायला, कागद टपावर दाबून धरलेला, आणि आतून आवाज येतच होता, "आणि वसतिगृहाची पावती वेगळी ठेव, फीच्या पावतीला टाचू नको…"