बरिंगलचा दांडा

मी बोलतोय, हातभर लांबीचा निलगिरीचा दांडा. हसू नका. चाळीस वर्षं माझ्यावाचून बरिंगल स्टेशनच्या पुढे एकही इंजिन सरकलं नाही.

इथल्या दूधवाल्या शेतकऱ्यांनीच ही रेल्वे कंपनी काढली होती. त्यांचं लोणी बंदरापर्यंत पोचावं, एवढाच हेतू. रूळ एकच, म्हणून नेमही एकच. मी ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्यानेच गाडी न्यायची. दुसरा दांडाच नाही, मग टक्कर होणार कशी? स्टेशनमास्तर अल्फ पेथरिक फलाटावर हात लांब करून उभा राही आणि ड्रायव्हर चालत्या गाडीतून मला उचलून घेई. तेव्हा मी फार तोऱ्यात असायचो.

पुढे लॉऱ्या आल्या. ज्यांनी कंपनी काढली, त्यांचंच लोणी लॉरीतून जाऊ लागलं. फलाटासमोरून जाताना मंडळी नजर चुकवायची. "थोडेच दिवस लॉरी, मास्तर," म्हणायची. कंपनी बुडाली आणि रूळ भंगारात विकले गेले.

अल्फने सरकारकडे अर्ज केला होता, लाइन तुम्ही चालवा म्हणून. उत्तर येईपर्यंत रूळ जागेवर राहायला हवे होते. रूळ उखडणारी गाडी यायची होती त्या सकाळी त्याने मला पिठाच्या डब्यात लपवलं.

"दांड्याशिवाय पुढे जातील कसे?" तो बायकोला म्हणाला.

"अल्फ, ते भंगारवाले आहेत," विनी म्हणाली. "त्यांना कसला आलाय नेम?"

गाडी आली. डोहर्टी मुकादम खाली उतरला. अल्फने दांडा देणार नाही म्हणून सांगितलं.

"दांडा हवाय कुणाला, मास्तर?" मुकादम समजुतीने म्हणाला. "समोरून आता येणार कोण?"

 

अल्फ घरात गेला, मला पिठातून काढलं, बाहीने पुसलं. फलाटावर येऊन त्याने हात लांब केला. निदान शेवटची गाडी तरी रीतीने जावी, एवढंच त्याला वाटत होतं. ड्रायव्हर सिगारेट पेटवत होता. त्याने पाहिलंही नाही. गाडी पुढे गेली आणि मी अल्फच्याच हातात राहिलो.

सरकारचा नकार आला तोवर रूळ उचलून झाले होते. अल्फ त्याच हिवाळ्यात गेला. मी आता कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून आहे. इकडे कधी आलात, तर मला तेवढं चुलीत घाला. विनीचा हात धजत नाही.