गार डबा

माझा दादा म्हणतो, वेल्डिंग हातात असतं. मी म्हणते, कार्डावर असतं. करंट किती, प्लेट किती तापवायची, रॉड कुठला, सगळं छापलेलं. लोक म्हणतात, जरा डोकं वापर की! अहो, कुणीतरी डोकं वापरूनच ते लिहिलंय ना? रोज नवी शक्कल लढवायची मला हौस नाही, म्हणून तर मी या कामात सुखी आहे.

त्या दुपारी परीक्षा होती. पास झालं की कायमची नोकरी, नाहीतर आणखी सहा महिने रोजंदारी. तीन वर्षं रोजंदारी करून मी विटले होते. पलीकडच्या कप्प्यात दादाही परीक्षेलाच बसला होता.

तीन थर झाले. जोड असा बसला होता की माझीच दृष्ट लागावी. हातमोजा बदलताना बोटं रॉडच्या डब्याला लागली. डबा गार! हा विजेवरचा डबा रॉड गरम ठेवतो. गार रॉड ओल धरतो आणि त्याचा जोड आज चकाकतो, चार दिवसांनी आतून तडकतो. सकाळी डब्याला हात लावला तर चटका बसत होता. जेवून आल्यावर मात्र मी हात लावूनच बघितला नाही. डबा गरम आहे का बघा, ही कार्डावरची पहिलीच ओळ, आणि मी शेण खाल्लं.

"दादा, माझा डबा गार पडलाय."

"गप बस. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!"

मी हात वर केला. परीक्षक आले, डबा चाचपला.

"प्लग नीट बसवला नसशील. जोड कापावा लागेल. वेळ वाढवून मिळणार नाही."

"माहितीये, साहेब."

ग्राइंडर चालवताना स्वतःचा असा राग आला होता! चूक माझी होती, ती मीच निस्तरणार होते.

दादाचा जोड तोवर पूर्ण झाला होता. परीक्षकांनी सहीसाठी पेन उघडलं.

"थांबा साहेब," दादा म्हणाला. "आमच्या दोघांचा विजेचा बोर्ड एकच. माझाही डबा गारच होता. मला सुरुवातीलाच कळलं होतं."

परीक्षकांनी बोर्ड तपासला. तो जेवणाच्या सुट्टीपासूनच बंद होता. ते दादाला नको नको ते बोलले, मग म्हणाले, "बोर्डाचा दोष आमचा. दोघांनाही नवी प्लेट, नवे रॉड, पूर्ण वेळ."

"दादा, तू पास होत होतास रे," मी म्हणाले.

"होत होतो. आणि तू इथे कापत बसणार, मी सही घेऊन घरी जाणार? आईला कुठल्या तोंडाने सांगू?"

त्याने आपली देखणी प्लेट उचलली आणि भंगारात टाकली.