ईस्टरला उकळलेला डगला

मित्रांनो, मी ज्युदोचा डगला आहे. पांढरा, जुना आणि आता कुणाच्याच मापाचा नसलेला. माझं कापड तांदळाच्या दाण्यांसारखं खडबडीत विणलेलं. कुणी कितीही ओढा, फाटणार नाही! हाच माझा तोरा होता.

माझी मालकीण यागोदा. पोलंडमधल्या सिलेसियातल्या कोळसा-खाणींच्या गावातली, दार अडेल एवढ्या खांद्यांची. तिचे प्रशिक्षक लेशेक सर मॅटच्या कडेला खुर्चीत बसून ओरडायचे, "यागोदा, डावा हात! अगं डावा, घड्याळ घालतेस तो!" झुंजीत तिला फक्त तो आवाज ऐकू यायचा. त्याच आवाजावर ती पोलंडची विजेती झाली, तेव्हा घामाने भिजलेल्या मला तिने कवटाळलं होतं. काय दिवस होता तो!

मग गुडघा गेला आणि एक ऑलिंपिक हुकलं. पुढच्याचा रस्ता एकच होता, युरोपियन स्पर्धेत पदक. तेही हुकलं तर तिचं वय काही थांबणार नव्हतं.

स्पर्धा ईस्टरच्या पाठोपाठ होती. यागोदा सणाला घरी आली. तिची आई दानुता सणाचा टेबलक्लॉथ मोठ्या पातेल्यात उकळूनच पांढरा करते. तिथल्या बायकांना त्याशिवाय सण आल्यासारखं वाटत नाही. तेवढ्यात बॅगेत तिला मी दिसलो, मानेशी पिवळट झालेला.

"अगं बाई! पोर टीव्हीवर दिसणार आणि अंगात हे कळकट?"

आणि टाकलं की मला पातेल्यात! पाणी उकळलं, माझा धागा न् धागा आवळत गेला. ओरडणार कसा? मला तोंड कुठे आहे?

सणाच्या दिवशी सगळे अंडी आणि सॉसेज खात होते. वजनगटात बसायचं म्हणून यागोदा काकडी चघळत होती. झेनेक मामा म्हणाला, "काय गं, अख्ख्या फ्रान्सला आपटणार आणि अर्ध्या अंड्याला घाबरतेस?" हसता हसता तिचं लक्ष इस्त्री केलेल्या माझ्याकडे गेलं. "आई, हा तर नवाच वाटतोय!" म्हणाली आणि तशीच घडी बॅगेत ठेवली. एकदा अंगात घातलं असतंस गं!

झुंजीआधी डगल्याची मापं घेतात. समोरच्याला नीट धरता यावं म्हणून बाही मनगटाच्या हाडाला टेकायला हवी. यागोदाने हात पुढे केले. मी ताणलो, मित्रांनो, जीव खाऊन ताणलो.

"आखूड आहे," मापं घेणारा म्हणाला.

"अहो, एवढीशी तर बाही!" सर म्हणाले.

"नियम आहे. तिने उसना घालायचा. आणि शिक्षा म्हणून तुम्ही मॅटकडेच्या खुर्चीत बसायचं नाही."

सर मला छातीशी धरून वर प्रेक्षकांत गेले. पदक ठरवणाऱ्या झुंजीत यागोदा गुणांनी पुढे होती. शेवटचे क्षण उरले होते. समोरची फ्रेंच मुलगी डावीकडून शिरली. सर घसा फाटेस्तोवर ओरडले, "डावा हात!" पण गर्दीत कुणाला ऐकू जाणार? यागोदाने एकदाच त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि तिची पाठ धाडकन मॅटवर आदळली. ज्युदोत पाठ अशी आपटली की झुंज तिथेच संपते.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. "हरलीस तर हरलीस गं राणी. पण डगला कसा दिसत होता टीव्हीवर! सगळ्यांत पांढरा आपलाच. मीच उकळला होता, कळलं का?"

टीव्हीवर दिसला तो उसना, मी तर सरांच्या हातात होतो. यागोदा म्हणाली, "हो आई. सगळ्यांत पांढरा."

त्यानंतर ती मॅटवर चढलीच नाही. मी आईच्या कपाटात लटकतो. आई मला शेजारणींना दाखवते आणि यागोदा उठून बाहेर जाते.

मित्रांनो, कितीही माया असू दे, दुसऱ्याची वस्तू धुण्याआधी त्याला विचारा. आपली वस्तू आपण घालून बघा. आणि कुणाची चूक झालीच, तर ती पोटात न ठेवता त्याला सांगा. मला वाचा नाही, तुम्हाला आहे.

परवा आई झेनेक मामाला हळूच विचारत होती, "हरली ती मॅटवर. मग माझ्याशी का रे बोलत नाही?"