वाघांचे बैल

खोक्याला बांधलेली सुतळी सरिताने दातांनी तोडली, सगळ्यात वरचा मुखवटा काढून चेहऱ्याला लावला आणि ओसरीच्या खांबाआडून एकदम डोकावत ती म्हणाली, "ओळख पाहू कोण!"

अंगणात काडीने सायकलचा टायर पळवत असलेला सुगत जागच्या जागी थांबला. टायर पुढे जाऊन पाण्याच्या टाक्याला धडकला आणि आडवा झाला. सुगत ओरडला नाही. त्याचे तोंड नुसते उघडे राहिले. चड्डी पुढून ओली होत गेली, आणि मग तो वळून स्वयंपाकघराकडे पळाला.

"आई! आई वो!"

सरिताने मुखवटा खाली घेतला. ती हाक तिला नव्हती.

हाक होती धुरपताला, त्याच्या आजीला. घरात सुगतचा बाप संघपाल तिला आई म्हणे, सून म्हणून सरिताही आईच म्हणे. जी सगळ्यांची आई, ती सुगतचीही आई झाली. आणि सरिताला सगळे सरिता म्हणत, म्हणून तोही सरिता म्हणू लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा घरभर हसू झाले होते. सरिताही हसली होती. नंतर कोणी ते सुधारले नाही, आणि आता त्यात हसण्यासारखे काही उरले नव्हते.

धुरपता बाहेर आली. हाताला कणीक लागलेली, पदरात तोंड खुपसून सुगत. तिने सरिताच्या हातातल्या मुखवट्याकडे पाहिले.

"वाघ आणला काय तू?"

"त्याले आवडते ना, आई. मागच्या वाढदिवसाले दिवसभर वाघच बनून हिंडला होता."

"मागच्या वाढदिवसाले." धुरपताने सुगतच्या डोक्यावर कोपर ठेवले, हात भरलेले होते म्हणून. "होळीच्या आधी यादोरावच्या गोठ्यातून वासरू नेलं वाघानं. सकाळी सारे पोट्टे पाहाले गेले. हाही आजोबाच्या मांगं गेला. तवापासून नाव नाही काढत वाघाचं."

"मले कोणी सांगितलं नाही."

"फोनवर काय सांगू तुले? तिकडं तुया जीवाले घोर."

 सुगतला आंघोळ घालायला सरिता पुढे झाली, पण त्याने पदर सोडला नाही. शेवटी कणीक तशीच झाकून धुरपताच त्याला न्हाणीत घेऊन गेली.

ओसरीवर सरिता खोक्याजवळ बसून राहिली. खोक्यात एकावर एक वाघ होते, मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांना पुरतील इतके. नागपूरच्या ज्या दवाखान्यात ती नर्स होती, तिथे सलाइनच्या बाटल्या ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येत, ती खोकी ती दोन महिने जमवत होती. बाकीच्या नर्सही तिच्यासाठी राखून ठेवत. ड्यूटीवरून आल्यावर, संघपाल बुटीबोरीच्या कंपनीत शिफ्टला गेलेला असला की, ती खोलीत जमिनीवर पुठ्ठे पसरून बसे. प्रत्येक वाघाचे डोळे कापताना त्या भोकांतून सुगतचे डोळे कसे दिसतील ते तिला दिसत असे. त्याला दहा महिन्यांचा इथे एकोडीला ठेवला, तेव्हा चार-सहा महिन्यांचीच गोष्ट होती. दोघांच्या शिफ्ट, एक खोली, सांभाळायला कोणी नाही. मग चार-सहा महिन्यांचे वर्ष झाले, आणि वर्षाला वर्षे जोडली गेली.

या वेळी ती एक गोष्ट मनात धरून आली होती. खोलीपासून जवळच एक शाळा होती. जूनपासून तिला दिवसाचीच ड्यूटी मिळणार होती. संघपालला तिने विचारले तेव्हा तो बराच वेळ बुटाचे बंद सोडत बसला होता. मग म्हणाला, "आईले तूच सांग. मायाच्यानं होणार नाही." सुट्टी मिळत नाही असे सांगून तो आलाही नव्हता.

सरिताने मुखवटे खोक्यात परत भरायला घेतले.

"ठेवून कायले राहिली?" धुरपता न्हाणीतून बाहेर येत म्हणाली.

"राहू द्या आता. फुगे आहेत, केक करतो. बस झालं."

धुरपताने एक मुखवटा उचलला, उजेडाकडे धरला. मागे उभ्या असलेल्या सुगतला दिसणार नाही असा तिने तो आपल्याकडे वळवून ठेवला होता.

"एवढी मेहनत केली अन् फेकाची?" ती म्हणाली. "रंग पाह्य याचा. पट्टे झाकले तर तांबडा बैल आहे हा."

भिंतीला पोतारा करायचा गेरू शिल्लक होता. बाबुलाल, सुगतचा आजोबा, पानाच्या डबीसाठी आणलेला चुना घेऊन आला आणि आपले काम झाले अशा समजुतीने बाजेवर जाऊन बसला. दोघी सासू-सुना ओसरीवर समोरासमोर बसल्या. धुरपता चिंधीने गेरू फिरवी, काळे पट्टे एकेक करून बुडत. सरिता चुन्याने मिशा झाकून तोंडाशी पांढरा पट्टा ओढी. वाघांचे गोल कान तिने कापून टाकले आणि उरलेल्या पुठ्ठ्यातून लांबट कान काढून चिकटवले.

पहिला मुखवटा वाळायला ठेवला तेव्हा दाराच्या चौकटीआडून आवाज आला.

"याले शिंगं नाही."

सरिताने वर पाहिले नाही. कात्री हातात घेऊन तिने पुठ्ठ्याची दोन सरळ टोके कापली आणि मुखवट्यावर धरली.

"असे नाही. असे." सुगत चौकटीतून बाहेर आला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर वाकवून धरले.

"असे?"

"अजून वाकडे. लाल्याचे आहेत तसे."

लाल्या म्हणजे गोठ्यातला बैल. सरिताने शिंगे पुन्हा कापली. सुगत जवळ येऊन बसला, इतका जवळ की त्याच्या ओल्या केसांचा वास तिला आला. त्याने बैलाला गोंडे पाहिजेत म्हणून सांगितले. तान्ह्या पोळ्याला त्याच्या लाकडी बैलाला होते तसे. धुरपताने जुन्या लोकरीचे तुकडे आणून दिले. एका मुखवट्यावर कितीही गेरू फिरवला तरी गालाचे पट्टे दिसतच राहिले. सरिता तो बाजूला सारायला लागली तर सुगतने तो ओढून घेतला आणि निरखून पाहिला.

"हा कबरा आहे," तो म्हणाला. "हा माया."

दुपार कलली. सुगत बाबुलालसोबत आंब्याची पाने तोडायला गेला, तेव्हा सरिताने चिंधी खाली ठेवली.

"आई, एक बोलाचं होतं."

"गेरू घट्ट झाला. पाणी टाक थोडं."

सरिताने पाणी टाकले. धुरपता ढवळत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"जूनपासून मायी ड्यूटी..."

"तुया केक कुकरमध्ये होते ना? मंग लाव लवकर. पोट्टे येतील आता."

केक मध्यभागी खचला. सरिताने खड्ड्यात साईसाखर भरली आणि वर गोळ्या टोचल्या. संध्याकाळी मोहल्ल्यातली पोरे आली, धुतलेले चेहरे आणि तेल लावलेले केस घेऊन. बाबुलालने बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. पोरांनी हात जोडून त्रिशरण म्हटले, शेवटी शेवटी घाईने, कारण सगळ्यांचे डोळे मुखवट्यांकडे होते. मग केक कापला गेला. सुगतने पहिला घास धुरपताला भरवला, दुसरा आजोबाला, तिसरा सरिताला. तिने तो बराच वेळ तोंडात तसाच ठेवला.

मुखवटे बांधले आणि अंगणाचा पोळा झाला. बाबुलालने आंब्याच्या पानांचे तोरण धरले, दुसरे टोक न्हाणीच्या खुंटीला बांधले. तोरणाखाली बैल रांगेने उभे राहिले, एकमेकांना शिंगे मारत. पोळ्याला झडतीचे गाणे म्हणतात तसे त्याने तिथल्या तिथे जुळवून म्हटले:

"मांडवाखाली उभी झाली बैलायची रांग,
पाच वर्साचा गोऱ्हा माया, मोल त्याचं सांग!"

"लाख रुपये!" पोरे ओरडली. "दहा लाख!"

"विकाचा नाही मले," धुरपता म्हणाली. सगळे हसले, तीही हसली. मग पुऱ्या जळतील म्हणून लगबगीने आत गेली. पुऱ्या केव्हाच तळून झाल्या होत्या.

पोरे जेवून गेली. सुगत ओसरीवर मुखवटा मांडीवर घेऊन बसला होता. सरिता फुग्यांची फाटकी रबरे गोळा करत होती.

"सरिता, तू उद्या जाऊन राहिली का?"

"हो. सकाळच्या बसनं."

"तिकडं अजून खोके आहेत?"

"खूप आहेत."

तो विचार करत राहिला. सरिताने आतल्या बाजूला पाहिले. धुरपता पाठमोरी बसून कुकर घासत होती. महिनाभर जुळवलेली वाक्ये सरिताच्या ओठांपर्यंत आली आणि तिथेच लहान झाली.

"येतोस? दोन दिवस. मंग आजोबा घ्याले येतील तुले."

सुगतने आत वळून विचारले, "आई, जाऊ?"

कुकरवरचा हात थांबला.

"जाय ना," धुरपता मागे न वळता म्हणाली. "पाहून ये."

सकाळी सरिता तयार झाली तेव्हा सुगतची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. बाबुलाल ती खांद्यावर घेऊन बस थांब्यापर्यंत आला. धुरपता अंगणाच्या काठापर्यंतच आली. चुलीवर भात आहे म्हणाली. सुगतने तिला हात हलवला आणि बस दिसताच आजोबाचे बोट सोडून पळत सुटला.

त्याला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंनी उन्हाळी धान हिरवेगार उभे होते, त्यावर ऊन आत्ताच कडक झाले होते. गाव मागे पडल्यावर त्याने पाणी मागितले. बाटली शोधायला सरिताने पिशवीची चेन उघडली.

वर दोन सदरे होते. त्यांच्याखाली आणखी सदरे, सगळेच. खाली घडी केलेला रेनकोट. एप्रिलमध्ये रेनकोट कशाला म्हणून तिने तो उचलला, तर त्याच्याखाली स्वेटर होता. निळा, मागच्या थंडीतला. त्याच्या दोन्ही बाह्यांना आणि खालच्या काठाला नव्या लोकरीची चार बोटे पट्टी विणून जोडलेली होती. येत्या थंडीत पोर तेवढे वाढलेले असेल अशा अंदाजाने. टाके बारीक आणि एकसारखे होते. हे काम रात्रीतून झालेले नव्हते. आठवड्यातही नाही.

सरिताने सुगतला पाणी पाजले. मग फोन काढून बाबुलालला लावला.

"आईले द्या."

"थांब, देतो." पलीकडे चपलांचा आवाज, कोंबड्या. फोन हातातून हातात गेला.

"आई."

"जागा भेटली बसले?"

"भेटली." सरिताने स्वेटर मांडीवर धरला होता. "आई, स्वेटर..."

"थंडी तिकडंही पडतच असंल," धुरपता म्हणाली.

 बस एका मोरीवरून आदळत गेली.

"मी घेऊन येत जाईन त्याले," सरिता म्हणाली. "दर महिन्याले. सुट्टीत इथंच राहील."

"हो."

"खरंच सांगतो, आई."

"आईक," धुरपता म्हणाली. तिचा आवाज कामाचा झाला होता. "दुधात साखर नको टाकू, गूळ टाकजो. पण दूध थंड झाल्यावर, नाही तर फाटते. झोपताना पाणी मागते, अर्धाच गिलास देजो. रागावला का कोनट्यात जाऊन बसते. तवा हाका नको मारू. तिथंच आपलं काम करत राहाजो. येते तो आपल्यानं."

"हो. आणखी सांगा."

धुरपता सांगत गेली. सरिता मान हलवत राहिली, पलीकडे ते दिसत नव्हते तरी. सुगतने काचेला कपाळ टेकवून रस्त्यावरची माकडे मोजायला घेतली. नागपूरची बस जिथे धरायची त्या साकोलीच्या स्टँडवर बस लागली, माणसे उठली, डोक्यांवरून पिशव्या गेल्या. कंडक्टरने दोनदा सांगितले, "चला बाई, साकोली." सरिताने त्याच्याकडे पाहून थांबायची खूण केली.

"अन् नखं काढू देत नाही," धुरपता म्हणत होती. "गोष्ट सांगा लागते, तवा हात देते."

"कोणती गोष्ट?" सरिताने विचारले.

 पलीकडे धुरपताने घसा साफ केला, आणि ती पहिल्यापासून गोष्ट सांगू लागली.