मला सगळं माहीत होतं

मी टीव्ही आहे. दिवसभर बडबड करणं हा माझा धंदाच, पण ती बडबड नेहमी दुसऱ्यांची. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, आणि तेही एक कबुली द्यायला.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फारसं काही नाही. एका लांबलचक कारखान्यात हातमोजे घातलेल्या बाईंनी माझ्या पाठीचे स्क्रू आवळले, पडद्यावर पातळ कागद चिकटवला आणि मला पुढे सरकवलं. मग दुकानाच्या भिंतीवर आम्ही तीस जण ओळीने टांगलेले. तीसही पडद्यांवर एकच निळा मासा पोहत होता. त्या गर्दीतून एका तरुणाने मला निवडलं. तो जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि आधीही ज्याच्या फेऱ्या झाल्या होत्या अशा दूरच्या एका बंदरात लवकरच कामाला जाणार होता.

"मी नसलो तरी तुम्हा दोघांना सोबत होईल," मला भिंतीवर बसवताना तो म्हणाला. दोघं म्हणजे त्याचे वडील आणि त्याची बायको.

वडिलांना सगळी इमारत लिफ्टमास्तर म्हणायची. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, आणि लिफ्ट बंद असली की मास्तरांना जिने चढावेच लागायचे. त्यात उजवा गुडघा कामातून गेला. सूनबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या नखांच्या कडांना पांढरी भुकटी असायची.

साडेसात वाजले की दोघं माझ्यासमोर. मास्तर खुर्चीत, ती खाली सतरंजीवर, मांडीत निवडायची भाजी. त्या वेळी मी एक मालिका दाखवायचो. नायिकेला वाटायचं, नायकाचं मन दुसरीकडे आहे. नायकाला वाटायचं, हिला घर सोडायचंय. एका वाक्यात मिटलं असतं सगळं. पण सातशे भाग झाले तरी ते वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. ती म्हणायची, "मला तुमच्याशी बोलायचंय," की लगेच फोन वाजायचा. तो म्हणायचा, "ऐक," की दाराशी पाहुणे हजर.

"अगं बोल की बये!" सूनबाई हातातली शेंग माझ्याकडे रोखायची. "तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?"

"त्याला काय धाड भरलीय?" मास्तर म्हणायचे. "एवढा मोठा घोडा झाला, चार शब्द बोलता येत नाहीत!"

दोघं मनसोक्त शिव्या द्यायचे, हसायचे, आणि हसता हसता जेवायला उठायचे. मला ते घर फार आवडायचं.

मुलगा गेल्याला दोन वर्षं झाली असतील. एका रविवारी दुपारी सूनबाईचा फोन वाजला. मास्तर आतल्या खोलीत पडले होते. दोनचार वाक्यं ऐकून तिने रिमोट घेतला आणि माझा आवाज वाढवला. मी मोठमोठ्याने कपड्याच्या साबणाचं कौतुक करत होतो, आणि ती भिंतीकडे तोंड करून विचारत होती, "किती वर्षांचा आहे तो मुलगा?... म्हणजे तुम्ही जाण्याआधीपासूनच?... नाही. बाबांना नाही सांगणार. त्यांना झेपायचं नाही."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

तीन आठवड्यांनी तोच फोन मास्तरांना आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा स्पीकर चालू, आणि ते बोलणं आत ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठ्याने. ती आत पोळ्या लाटत होती. मुलगा सांगत होता की तिकडे त्याचं दुसरं घर आहे, मूल आहे, तो आता परतणार नाही. "तिला अजून सांगितलं नाहीये. हिंमत होत नाही. तुम्ही सांभाळून घ्या."

धडधडीत खोटं, दोघांनी मिळून जाब विचारू नये म्हणून असेल. तिला सांगून तीन आठवडे झाले होते, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"तू माझा मुलगा आहेस याची मला लाज वाटते," मास्तर एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांदेखत दोन नाटकं सुरू झाली. मास्तर सांगायचे, "दुपारी फोन आला होता हं. तुझी चौकशी करत होता." ती मनात म्हणायची असेल, बघा, बापालाही कसा झुलवतोय. थंडीत तिने करड्या रंगाचा स्वेटर आणला आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी त्यांनी पाठवलाय." मास्तर स्वेटर हातात घेऊन बसून राहिले. हिला फसवायला हा वस्तू पाठवतो, असंच त्यांना वाटलं असणार. एकाचं खोटं दुसऱ्याला खरं वाटत होतं, आणि दोघांची जीभ त्यामुळे आणखीच बांधली जात होती.

दुकानाच्या मालकाने दुसऱ्या गावी नवी शाखा काढली. सूनबाईला मुख्य म्हणून जा म्हणाला. बाबांना एकटं कसं टाकायचं, म्हणून ती नाही म्हणाली. वर्षाने पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. इकडे मास्तरांची लेक फोनवर रडायची, "बाबा, माझ्याकडे या, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊ." मास्तर म्हणायचे, "सूनबाई एकटी पडेल गं. बघू पुढच्या वर्षी."

अशी चार वर्षं गेली. आणि रोज साडेसातला मी त्यांना दाखवत राहिलो की न बोलणं म्हणजे माया, आणि खरं काय ते आपोआप बाहेर येतं. मालिकेत दाराआड नेहमी कुणीतरी उभं असतं ना! या घरात दाराआड कुणीच नव्हतं. ऐकणारा मी एकटा, आणि मी साबण विकत होतो.

मग तो गुरुवार आला. मालिकेत नायकाचे वडील मुलाचं गुपित पोटात ठेवून सुनेसमोर खाली मान घालून बसले होते. खुर्चीत मास्तरांचा डोळा लागला होता. सूनबाईचा संयम सुटला. ती ओरडली, "अहो, सांगून टाका की एकदाचं! तिला कळलंय सगळं!"

मास्तर दचकून जागे झाले. "कळलं? कुणी सांगितलं तुला?"

"काय, बाबा?"

"त्याचं. त्या... मुलाचं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुम्हाला माहीत आहे?"

"चार वर्षं झाली. तू दुखावशील म्हणून..."

"मला तुमच्या आधीपासून माहीत आहे!" ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भडकली. "चार वर्षं, बाबा! तो फोन करतो, चौकशी करतो, असं सांगत होतात मला! मी नव्या शाखेला दोनदा नाही म्हटलं, तुमच्यासाठी!"

"आणि मी हा गुडघा सडवला, तो कुणासाठी?" मास्तरांचा आवाज फाटला. "तो स्वेटर?"

"चौकातल्या दुकानातून घेतला."

मास्तरांनी गळ्यापाशी बोट फिरवलं. मग म्हणाले, "गळ्याशी टोचतो."

ती हसली, आणि तेव्हा कुठे रडली.

इथे मालिका संपली असती, गाणं वाजलं असतं. पण नव्या शाखेला मुख्य बाई केव्हाच मिळाल्या होत्या. सूनबाई तिथे गेली ती साधी कारागीर म्हणून, वयाने लहान बाईच्या हाताखाली. मास्तर लेकीकडे गेले. डॉक्टर म्हणाले, आता हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही, दोन वर्षांपूर्वी आला असतात तर झालं असतं. ती दोन वर्षं कुठे गेली ते मी जाणतो.

निघण्याआधी सामान बांधताना तिने विचारलं होतं, "टीव्हीचं काय करायचं?"

"राखणदाराला देऊन टाक," मास्तर म्हणाले होते.

आता मी इमारतीच्या तळघरात आहे, पाण्याच्या पंपाशेजारी. पडद्यावर एक काळी रेघ उमटलीय. राखणदार फक्त सामने बघतो; त्या दोघांच्या बातम्या मला त्याच्या गप्पांतूनच कळतात.

गेल्या महिन्यात सूनबाई जुन्या पत्त्यावर आलेली पत्रं न्यायला आली होती. राखणदाराने विचारलं, "मास्तर कसे आहेत?"

"काठी घेऊन फिरतात. रविवारी फोनवर तासभर भांडतो आम्ही." तिने पत्रं पिशवीत टाकली. माझ्याकडे तिचं लक्षही गेलं नाही.

तेव्हाच मला माफी मागायची होती. पण माझ्या तोंडून निघाला तो समालोचकाचा आवाज, आणि ती जिना चढून गेली. ती माफी माझ्याकडेच राहिलीय. तुम्हाला ती कुठे भेटली, चष्म्याच्या दुकानात, नखांना पांढरी भुकटी लागलेली, तर तेवढी तिला पोचती करा.